स्वनिर्मित विमानाची इंधनटाकी आणि तिची निगा

मे महिन्याच्या दुपारी रायपूरजवळील माना येथील धावपट्टीवर तापमापकातील पारा ४४-४५ अंश सेल्सियसपर्यंत चढणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. या दिवसांत वारा कोरडा आणि तप्त असतो. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, साधारणपणे जूनच्या मध्यास, मोसमी पाऊस छत्तीसगडच्या मैदानात येऊन पोहोचतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत हजार मिलिमीटरहून अधिक पाणी देऊन जातो. धानाच्या शेतीला हे ऋतुचक्र वरदानासारखे आहे. मात्र विमानाच्या इंधनटाकीची त्यात कसोटी लागते. उन्हाळा टाकीच्या टोपणातील रबर कडक करतो, आणि त्या कडक झालेल्या रबरातून पावसाळा आत शिरतो. कोणत्याही विमानाला ही कसोटी चुकत नाही. परंतु ज्या विमानाची टाकी त्याच्या मालकाने स्वतःच्या हाताने बनविलेली आहे, त्या विमानाच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे.

कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाची टाकी अनेक चाचण्यांतून गेलेली असते. तिच्यासोबत निर्मात्याची पुस्तिका येते. दोष आढळल्यास सूचनापत्रे निघतात. ठरावीक मुदतीने परवानाधारक अभियंता तिची तपासणी करतो. स्वनिर्मित विमानात या साऱ्या भूमिका बहुधा एकाच माणसाकडे येतात. तोच आराखड्यात फेरफार करणारा, तोच पत्रा कापणारा, तोच तपासणारा आणि तोच उड्डाण करणारा. टाकीचा कोणता सांधा पहिल्या प्रयत्नात गळला होता आणि कोणती नळी जागा अपुरी पडल्यामुळे वळवून घ्यावी लागली, हे फक्त त्याला माहीत असते. हे ज्ञान खुणा, नोंदी आणि नियमित सवयी यांच्या रूपाने विमानातच ठेवले नाही, तर काळाच्या ओघात ते नाहीसे होते. स्वनिर्मित विमानातील इंधनसुरक्षेचा मूळ प्रश्न हाच आहे.

हौशी विमानबांधणीची चळवळ अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात मूळ धरू लागली आणि आज तेथे अशी विमाने हजारोंच्या संख्येने उडतात. भारतात हा मार्ग अद्याप अरुंद आहे. महाराष्ट्रातील वाचकांना याचे एक उदाहरण परिचित असेल. व्यवसायाने वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे एक विमान बांधले. २०१६ साली मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ‘व्हीटी-एनएमडी’ या नावाने त्याची नोंदणी केली आणि उड्डाणाची अनुज्ञा २०१९ साली मिळाली. गच्चीवर सांगाडा उभा करण्यास लागणारे कष्ट सर्वांना दिसतात. परंतु कोणत्याही स्वनिर्मित विमानाचे आयुष्य ज्या भागांवर अवलंबून असते, त्यांपैकी इंधनटाकी हा पंखाच्या किंवा आसनाच्या आड दडलेला आणि म्हणूनच सहज विसरला जाणारा भाग आहे.

टाक्यांचे प्रकार

स्वनिर्मित विमानांत मुख्यतः तीन प्रकारच्या टाक्या आढळतात. पहिला प्रकार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. यात एक तर वेगळी जोडकाम केलेली टाकी सांगाड्यात बसविलेली असते, किंवा पंखाचा पुढचा पोकळ भागच रिव्हेट मारून व सांधे रासायनिक लुकणाने बंद करून टाकी म्हणून वापरला जातो. दुसरा प्रकार काचतंतू व राळ यांच्या थरांचा. यात टाकी हा पंखाच्याच बांधणीचा अविभाज्य भाग असतो. तिसरा प्रकार साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या टाकीचा. तो अतिहलक्या विमानांत अधिक दिसतो.

प्रत्येक प्रकाराचा आजार वेगळा असतो. ॲल्युमिनियमच्या टाकीला कंपनांमुळे जोडाच्या कडेला सूक्ष्म भेगा पडतात आणि तळाशी पाणी साचून राहिल्यास पत्रा कुरतडला जातो. रिव्हेटच्या टाकीतील लुकण वयोमानाने पत्र्यापासून सुटू लागते. काही बांधणारे गळती टाळण्यासाठी अशा टाकीत पातळ लेप ओतून तो सर्वत्र फिरवीत असत. पुढे अनेक टाक्यांत या लेपाचे पापुद्रे निघून ते गाळणीत अडकू लागले. गळतीवर केलेला उपाय इंजिनचा पुरवठा तोडणारा ठरला. काचतंतूच्या टाकीत कोणती राळ वापरली आहे यावर सारे अवलंबून असते. काही राळी शुद्ध पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे टिकतात, पण अल्कोहोलचा अंश असलेल्या पेट्रोलमध्ये मऊ पडतात. प्लास्टिकची टाकी उन्हाने ठिसूळ होते. म्हणून टाकी कशाची बनली आहे, कोणते लुकण व कोणती राळ वापरली आहे, याची नोंद ही देखभालीची पहिली पायरी होय.

वाफेचा धोका

पेट्रोल जळते असे आपण सहज म्हणतो. काटेकोरपणे पाहिल्यास द्रवरूप पेट्रोल जळत नसून त्याची हवेत मिसळलेली वाफ जळते. उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघू शकते. मग रायपूरच्या उन्हाळ्याची गोष्टच नको. ही वाफ हवेहून तीन ते चार पट जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरते, विमानाच्या पोटात साचते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत वाहत जाते.

हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड टक्क्याहून कमी किंवा साडेसात टक्क्यांहून अधिक असेल, तर मिश्रण पेट घेत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते आणि नेहमीच्या तापमानाला अर्ध्या भरलेल्या टाकीतही वाफ इतकी दाट असते की ती जळण्यास हवा अपुरी पडते. उलट, रिती करून काही काळ उघडी ठेवलेल्या टाकीत वाफ विरळ होत होत नेमकी स्फोटक प्रमाणात येते. लोकांचा समज याच्या उलट असतो. रिकामी टाकी निर्धोक मानून तिच्यावर जोडकाम करण्यास बसणारा माणूस वस्तुतः स्फोटकावरच ज्योत धरीत असतो.

टाकी जोडकामासाठी काढावयाची असेल तर ती उघड्यावर पूर्णपणे रिती करावी, साबणाच्या पाण्याने वारंवार धुवावी, वाफारा द्यावा आणि ज्वलनशील वायू मोजणाऱ्या उपकरणाने आतील हवा तपासावी. त्यानंतरच, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडसारख्या न जळणाऱ्या वायूने ती भरून, अनुभवी कारागिराने कामास हात घालावा. टाकीत पूर्वी पेट्रोल होते हे कारागिराला स्पष्टपणे सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांत व लुकणाखाली राहिलेले पेट्रोल उष्णता लागताच पुन्हा वाफेच्या रूपाने बाहेर येते.

ठिणगी ज्योतीचीच असली पाहिजे असे नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पेट्रोल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाताना घर्षणाने विद्युतभार साचतो. धातूच्या भांड्यातून तो तारेवाटे जमिनीत उतरविता येतो. प्लास्टिकचा डबा मात्र भार धरून ठेवतो. म्हणून काही नियम कसोशीने पाळले जातात. डबा मोटारीच्या डिकीत किंवा गादीवर ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवावा. इंधन भरण्याचे साधन आणि विमानाचा धातूचा भाग प्रथम तारेने जोडावेत, मगच टोपण उघडावे. भरणे संपल्यावर टोपण लावून शेवटी तार काढावी. काचतंतूच्या पंखात ही तार टाकीच्या तोंडाच्या धातूच्या कड्याला जोडावी लागते, कारण पंख स्वतः वीज वाहून नेत नाही. तसेच धार संथ ठेवावी आणि नरसाळे तोंडाला टेकवून धरावे. पावसाळ्याच्या दमट हवेत हा धोका कमी होतो, पण सवय बारमाही हवी. ऋतू पाहून पाळलेला नियम ऐन वेळी विसरला जातो.

टाकीचा श्वास

टाकी हे बंद भांडे नव्हे. इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर इंधन ओढून घेते, तेव्हा तेवढीच हवा आत यावी लागते. दुपारी ऊन तापले की आतील हवा व वाफ प्रसरण पावून बाहेर पडू पाहते; रात्री गारवा आला की बाहेरची हवा आत ओढली जाते. यासाठी प्रत्येक टाकीला एक बारीक वायुनलिका असते आणि तिच्यावाटे टाकी अक्षरशः श्वास घेते.

ही नळी बंद झाल्यास काय होते ते पाहण्यासारखे आहे. इंजिन सुरळीत सुरू होते, विमान धावपट्टी सोडते. टाकीतील पातळी खाली जाते, पण तिची जागा घेण्यास हवा येत नाही. आत हळूहळू निर्वात निर्माण होतो. काही मिनिटांनी पंप इंधन ओढू शकत नाही आणि टाकीत भरपूर इंधन असूनही इंजिन बंद पडते. पातळ पत्र्याची टाकी अशा वेळी बाहेरील हवेच्या दाबाने आत चेपली जाते. जमिनीवरील अल्पकालीन चाचणीत हा दोष दिसत नाही, म्हणूनच तो फसवा आहे.

भारतात या नळीचा नित्याचा शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. ओल्या मातीचे इवलेसे घर बांधण्यासाठी तिला बोटाच्या जाडीचे किंवा त्याहून बारीक भोक फार आवडते. आठवडाभर उभ्या असलेल्या विमानाची नळी बंद करण्यास तिला एक सकाळ पुरते. नळीच्या तोंडावर बारीक जाळी बसविणे, विमान उभे असताना लाल फितीचे आच्छादन घालणे आणि उड्डाणापूर्वी ते आठवणीने काढणे हा साधा उपाय आहे. मुख्य तोंड बंद पडल्यास हवा यावी म्हणून नळीला आडोशाच्या जागी दुसरे छिद्र ठेवणे हे आराखड्याच्या वेळीच करावयाचे काम आहे. वर्षातून एकदा तरी नळीतून हलकेच फुंकर मारून ती मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी. येथे कारखान्यातील दाबाच्या हवेचा झोत वापरू नये. टाकीतील दाब बाहेरच्यापेक्षा अवघा सात शतांश वातावरण वाढला, तरी एक चौरस मीटरच्या भिंतीवर सुमारे सातशे किलोग्रॅमचा भार पडतो. गळती तपासताना टाकीच्या एका तोंडाला रबरी फुगा बांधण्याची पद्धत हौशी बांधणाऱ्यांत यामुळेच रूढ झाली. हवा किंचित भरली की फुगा फुगतो आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. मग सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, आणि रात्रभरात फुगा सैल पडला तर गळती शोधावी.

पाणी कोठून येते

पेट्रोलच्या एका लिटरचे वजन सुमारे पाऊण किलो भरते, पाण्याच्या लिटरचे एक किलो. म्हणून टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते आणि इंजिनकडे जाणारी नळीही तळाजवळूनच निघते. उड्डाणाच्या वेळी शंभर अश्वशक्तीचे इंजिन दर सेकंदाला सुमारे सात मिलिलिटर इंधन पिते. म्हणजे तीस मिलिलिटर पाणी नळीत आले तर चार सेकंदांहून अधिक काळ इंजिनला इंधन मिळत नाही. कार्बोरेटरमध्ये अडकलेले पाणी तर त्याहून अधिक काळ त्रास देते. विमान जमिनीपासून पन्नास मीटरवर असताना एवढा अवधी पुरेसा घातक असतो.

टाकीत पाणी हवेतील दमटपणामुळे साचते अशी समजूत आहे. ती पूर्णतः चुकीची नसली तरी तिचा हिशेब करून पाहिला पाहिजे. ऐंशी लिटरच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत चाळीस लिटर हवा असते. दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा-सतरा अंशांचा फरक धरला, तर ती रात्री सुमारे दोन लिटर बाहेरची हवा आत घेते. २८ अंशांच्या पूर्ण दमट हवेच्या दोन लिटरांत पाण्याचा अंश सुमारे पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे एक थेंब असतो. तोही सगळाच्या सगळा साचत नाही. शंभर रात्रींनंतरसुद्धा हे पाणी एका चहाच्या चमच्याच्या आतच राहील. ते दुर्लक्षिण्याजोगे नाही, पण टाकीतून पेलाभर पाणी निघाले तर त्याचा दोष हवेला देता येणार नाही. ते बहुधा टोपणातून आलेले असते, किंवा ज्या पिंपातून इंधन भरले त्यातून.

येथे रायपूरच्या ऋतुचक्राचा अर्थ स्पष्ट होतो. पंखाच्या वरच्या बाजूस असलेल्या टोपणाच्या रबरी कड्यावर एप्रिल-मेचे ऊन पडते. रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. उन्हाळ्यात हे लक्षातही येत नाही, कारण गळायला पाणीच नसते. मग जूनमधील पहिल्या जोरदार सरीनंतर टोपणाभोवतीच्या खोलगट भागात साचलेले पाणी रात्रभर थेंबाथेंबाने आत उतरते. कड्याची किंमत नगण्य असते. ते मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे पावसापूर्वी बदलावे, आणि उघड्यावर उभ्या विमानाच्या टोपणावर आच्छादन घालावे. शेतकरी पावसापूर्वी घराची कौले चाळतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

प्रत्येक दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतर टाकीच्या सर्वांत खालच्या झडपेतून काचेच्या किंवा पारदर्शक पेल्यात नमुना काढावा. इंधन भरल्यावर पाणी खाली बसण्यास किमान पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. पेल्यात खाली पाण्याचा थर किंवा गोळे दिसल्यास स्वच्छ नमुना येईपर्यंत निचरा चालू ठेवावा. यात एक फसगत संभवते. पेल्यात आलेला सगळाच द्रव पाणी असेल तर दोन थरांमधील रेषा दिसतच नाही आणि नमुना निर्मळ भासतो. विमानाचे शिसेयुक्त पेट्रोल ओळखू यावे म्हणून निळसर रंगविलेले असते. पांढऱ्या पृष्ठभागासमोर पेला धरून रंग पाहावा, वास घ्यावा आणि शंका असल्यास त्यात थोडे पाणी मुद्दाम घालून ते वेगळे बसते का ते पाहावे.

स्वनिर्मित विमानात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. आराखड्यात दाखविलेली निचऱ्याची जागा विमान प्रत्यक्ष जसे उभे राहते त्या स्थितीत खरोखर सर्वांत खाली आहे काय? शेपटीच्या चाकावर टेकणाऱ्या विमानात पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि झडप पुढे असेल तर निचरा कोरडा निघतो. मग शेपूट वर उचलली जाताच ते पाणी पुढे धावते.

इथेनॉलचा नवा प्रश्न

भारतात विमानाचे पेट्रोल दीर्घकाळ आयात करावे लागे. २०२२ साली इंडियन ऑइलने गुजरातमधील वडोदरा येथे त्याचे उत्पादन सुरू केले. तरीही लहान धावपट्ट्यांवर ते सहज मिळत नाही. अनेक अतिहलक्या विमानांची इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालण्यासाठीच बनविलेली असतात. परंतु पंपावर मिळणारे हे पेट्रोल बदललेले आहे. त्यातील इथेनॉलचे सरासरी प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे मिश्रण २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ साली देशभर पसरले. उसाबरोबरच मका आणि तांदूळ यांपासूनही हे इथेनॉल तयार होते. अशा विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ जातीच्या इंजिनांना मात्र निर्मात्याने दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा दिलेली आहे. इंजिनला जे चालते ते टाकीला, नळ्यांना आणि लुकणाला चालेलच असेही नाही.

इथेनॉलचा दुसरा गुण असा की ते पाण्याला आपलेसे करते. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी तळाशी बसून दिसते तरी. इथेनॉलयुक्त पेट्रोल मात्र काही मर्यादेपर्यंत पाणी पोटात घेते आणि नमुना स्वच्छ दिसतो. ही मर्यादा तापमानाबरोबर बदलते. हवेत दर किलोमीटर उंचीला सुमारे साडेसहा अंशांनी गारवा वाढतो. जमिनीवर मर्यादेच्या काठावर असलेले मिश्रण वर गेल्यावर फुटते. पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन तळाशी जातात, आणि वर उरते कमी प्रतीचे पेट्रोल, जे इंजिनमध्ये अवेळी भडकते.

पेट्रोलमधील इथेनॉल तपासण्याची रीत सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर नव्वद मिलिलिटर पेट्रोल ओतावे, तोंड बंद करून हलवावे आणि नळी स्थिर उभी ठेवावी. खालचा थर दहाच्या खुणेवरच राहिला तर इथेनॉल नाही. तो एकोणीसच्या आसपास आला तर सुमारे दहा टक्के, आणि अठ्ठावीसच्या जवळ गेला तर सुमारे वीस टक्के इथेनॉल आहे असे समजावे. ज्या टाकीची राळ किंवा लुकण अल्कोहोलला टिकेल याची खात्री नाही, तिच्यात असे पेट्रोल भरू नये. इंधनाच्या रबरी नळ्यांवरही याचा परिणाम होतो. रोटॅक्सच्या नियमांनुसार त्या दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. उष्ण प्रदेशात त्यापूर्वीही त्या वाकवून, चिरा पाहून तपासणे शहाणपणाचे ठरते.

झडपेची जागा

आतापर्यंत पाहिलेले दोष झिजण्याचे किंवा सडण्याचे होते. काही दोष मात्र बांधणीच्या दिवशीच विमानात बसविले जातात. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील लोकप्रिय गायक जॉन डेन्व्हर यांचे स्वनिर्मित ‘लाँग-ईझेड’ विमान कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी उपसागरात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. हे विमान त्यांनी स्वतः बांधलेले नव्हते. त्यांनी ते नुकतेच विकत घेतले होते.

या विमानात दोन टाक्या होत्या आणि कोणत्या टाकीतून इंधन घ्यावयाचे ते एका झडपेने ठरत असे. मूळ आराखड्यात ही झडप वैमानिकाच्या पुढ्यात होती. बांधणाऱ्याने, इंधनाच्या नळ्या बैठकीच्या भागात येऊ नयेत या हेतूने, ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली. हेतू सुरक्षेचाच होता. परंतु तिची मूठ फिरविण्यासाठी वैमानिकाला मागे वळावे लागे आणि वळताना उजवा पाय पायटीवर दाबला जाण्याचा संभव असे. झडपेवर खुणा नव्हत्या आणि इंधनाची पातळी दाखविणाऱ्या काचेवरही त्या नव्हत्या. उड्डाणापूर्वी डेन्व्हर यांनी या मुठीच्या गैरसोयीविषयी तंत्रज्ञाशी चर्चा केली; मूठ लांबविण्यासाठी पकड लावून पाहण्यात आली, पण ते जमले नाही. त्यांनी अधिक इंधन घेतले नाही. चौकशीअंती अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने असा निष्कर्ष काढला की झडप फिरविण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष विचलित झाले, पायटी दाबली गेली आणि विमानावरील ताबा सुटला. अपुऱ्या पूर्वतयारीबरोबरच झडपेची अडचणीची जागा आणि खुणांचा अभाव यांचाही मंडळाने कारणांत उल्लेख केला.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. आराखड्यातील एक धोका टाळताना दुसरा निर्माण होत नाही ना, हे बसल्या जागी हात पोहोचवून, पट्टे बांधून तपासले पाहिजे. दुसरे म्हणजे, बांधणाऱ्याला सवयीने जे अवगत होते ते विकत घेणाऱ्याला अवगत नव्हते. झडपेवर ‘डावी’, ‘उजवी’ आणि ‘बंद’ हे शब्द ठळक लिहिणे, पातळीच्या काचेवर लिटरांच्या खुणा करणे, ही रंगकामाची अखेरची कामे नसून टाकीच्या बांधणीचाच भाग आहेत.

या खुणा अंदाजाने करू नयेत. विमान उभ्या स्थितीत ठेवून रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओतावे आणि प्रत्येक वेळी पातळीची खूण करावी. मग नाक वर चढविलेल्या स्थितीत टाकी रिती करून किती इंधन तळाशी अडकून राहते ते मोजावे. ते इंधन हिशेबात धरू नये. त्याच स्थितीत नळीतून इंधन किती वेगाने वाहते तेही मोजावे. पंप असलेल्या व्यवस्थेत तो वेग इंजिनच्या कमाल गरजेच्या सव्वापट आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या व्यवस्थेत दीडपट असावा असा संकेत आहे. नळीत किंवा गाळणीत कोणताही बदल केल्यास ही चाचणी पुन्हा करावी.

वर्षाचे वेळापत्रक

या सर्व कामांची वर्षभरात सहज मांडणी करता येते. दररोज : झडपेतून नमुना, टोपणाची घट्ट बैठक, वायुनलिकेचे तोंड, आणि पट्टी बुडवून प्रत्यक्ष मोजलेली पातळी. दर पन्नास तासांनी : गाळणी उघडून त्यात काय सापडते ते पाहणे. येथे गाळणी धुण्यापूर्वी तिच्यातील गाळ पांढऱ्या कापडावर पसरावा. काळे कण रबरी नळीचे, पापुद्रे लेपाचे, पांढरी भुकटी गंजलेल्या ॲल्युमिनियमची. मेअखेरीस : टोपणाची कडी, नळ्यांच्या चिरा, टाकीच्या पट्ट्यांखालील घर्षण. पाऊस संपल्यावर : तळाची झडप काढून आतील पृष्ठभागाची पाहणी आणि गळतीची फुग्याची चाचणी. गळती नेहमी ओली दिसते असे नाही. पेट्रोल उडून जाते आणि मागे रंगाचा फिकट डाग राहतो. असा डाग म्हणजे टाकीने लिहिलेली नोंदच होय.

मालकाची नोंद वहीत असावी. तारीख, इंजिनचे तास, नमुन्यात किती पाणी निघाले, गाळणीत काय सापडले, कोणते कडे बदलले, कोणत्या पंपावरील पेट्रोल भरले आणि त्यात इथेनॉल किती होते, एवढे चार ओळींत मावते. एकेका नोंदीला फारसे महत्त्व नसते. पण तीन पावसाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की डाव्या टाकीत दर जूनमध्ये पाणी येते आणि उजव्या टाकीत येत नाही, हे ध्यानात येते आणि दोष कोठे शोधावा ते कळते. विमान विकले गेले तर ही वही त्याबरोबर गेली पाहिजे. बांधणाऱ्याने टाकी बंद करताना आत पाहिलेली शेवटची गोष्ट पुढच्या मालकाला पाहता येत नाही; ती त्याला वाचता आली पाहिजे.